मेणाचं मोहन

"हेमा, काल या खणाला काय केलंस तू?"

सोमवारची सकाळ होती, पावणेआठची. मी ओट्यापाशी डबा भरत होते. आई शिवणयंत्रासमोर जमिनीवर बसून यंत्राच्या लाकडी टेबलाचा उजवा खण दोन्ही हातांनी ओढत होती. खण हलत नव्हता. यंत्र हलत होतं.

"काही नाही. जरा वंगण लावलं," मी म्हणाले.

"वंगण?"

"कोरडं वंगण. सुरळीत सरकावा म्हणून."

आईने हात सोडले आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "हा खण माझ्या लग्नापासून सरकतोय. छत्तीस वर्षं. त्याला कुणी काही लावलं नव्हतं, म्हणून सरकत होता."

मी डबा तसाच ठेवून तिच्याशेजारी बसले. खणाच्या कडेने काल लावलेली पांढरी लुकण वाळून काचेसारखी कडक झाली होती. नखाने खरवडून पाहिली, तर नख तुटलं. उलथन्याचं टोक फटीत घालून पाहिलं, तर टोक वाकलं.

"आत माझी बॉबिन केस आहे," आई एकेक बोट मोजत म्हणाली. "चष्मा आहे. दिघ्यांच्या शर्वरीच्या ब्लाउजचे हुक आहेत. परवा साखरपुडा आहे तिचा. दिघेबाईंना काय सांगू? माझी मुलगी एम.एस्सी. झाली म्हणून ब्लाउज होणार नाही?"

"संध्याकाळी आल्यावर बघते. आज सुनावणी आहे, मला उशीर होतोय."

"तुझी?"

"माझी नाही गं. एका अर्जदाराची."

"तुझीच व्हायला पाहिजे," आई म्हणाली आणि पुन्हा खणाला लटकली.

हे सगळं एका ओळीमुळे झालं होतं, आणि ती ओळ मीच लिहिली होती.

मी तेव्हा पेटंटच्या अर्जांची परीक्षक होते. नोकरीला दोन वर्षं झाली होती. काम मला मनापासून आवडायचं, कारण त्यात बोलावं लागत नसे. कुणीतरी शोध लावल्याचा अर्ज करतो. आपण जगभरची जुनी कागदपत्रं उपसायची आणि तो शोध खरोखर नवा आहे का ते पाहायचं. नुसता नवा असून भागत नाही. त्या धंद्यातल्या जाणकार माणसाला तो सहज सुचण्यासारखा असेल, तर पेटंट मिळत नाही. दोन जुने शोध घेतले, शेजारी शेजारी ठेवले, आणि जाणकार माणूस म्हणाला, "हे काय, एकत्र केलं की झालं," तर अर्ज संपला. हा जाणकार माणूस कायद्याने कल्पिलेला असतो. त्याला नाव नाही, गाव नाही. त्याला आधीचं सगळं माहीत असतं, नवीन मात्र काही सुचत नाही. मी रोज त्याच्या वतीने विचार करायची आणि मला वाटायचं, आमचं चांगलं जमतं.

तो अर्ज इचलकरंजीहून आला होता. अर्जदार दोन: अण्णाप्पा सातपुते आणि त्यांच्या पत्नी आक्काताई. अण्णाप्पा यंत्रमागाचे जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारे. मागावर आडवा धागा नेणारा धोटा सतत या पेटीतून त्या पेटीत धावत असतो. त्या पेट्यांना तेल लावलं की तेलाचे थेंब कापडावर उडतात आणि डाग पडलेलं कापड दुय्यम म्हणून जातं. शिशाच्या पेन्सिलीतलं ग्रॅफाइट लावावं, तर ते काळं. म्हणून या दोघांनी साबणाएवढी पांढरी वडी तयार केली होती. पेटीला आतून घासली की धोटा आठवडाभर गुळगुळीत धावतो, आणि चुकून कापडावर काही सांडलंच, तर कापड धुताना सुताच्या खळीबरोबर निघून जातं. वडीत तीन गोष्टी होत्या. स्टार्चचं पीठ, मेण, आणि कॅरमबोर्डावर टाकतात ती बोरिक पावडर.

मला दोन दिवसांत दोन जुने शोध सापडले होते. एक परदेशातला, साठ वर्षांपूर्वीचा. लाकडी खण सरकावेत म्हणून बोरिक पावडर आणि मेण. दुसरा आपल्याकडच्याच एका कापडगिरणीचा. सूत मऊ राहावं म्हणून स्टार्चच्या खळीत थोडं मेण आणि चिमूटभर सोडा. एकीकडे बोरिक आणि मेण, दुसरीकडे स्टार्च आणि मेण. मेण दोन्हीकडे होतंच. मी अहवालात लिहिलं: "या दोन शोधांची सांगड घालणे जाणकार व्यक्तीस सहज सुचण्यासारखे असून त्यातून अपेक्षित परिणाम मिळेल." वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा वाचलं होतं. मला ते आवडलं होतं.

त्याचं उत्तर आलं. गावातल्या तंत्रनिकेतनाच्या एका मास्तरांनी इंग्रजीत चार पानं लिहून दिली होती. त्यांच्या मागे वहीचा एक रेघी कागद टाचलेला होता, अण्णाप्पांच्या स्वतःच्या अक्षरात. "बाईंनी लिहिल्याप्रमाणे दोन्ही एकत्र करून पाहावे व काय होते ते आम्हास कळवावे. लोभ असावा."

सरकारी फाइलमध्ये 'लोभ असावा' मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यापेक्षा 'करून पाहावे' जास्त टोचलं. परीक्षकाने काही करून पाहायचं नसतं, कागदाला कागद लावून पाहायचा असतो. तरी तो शब्द आठवडाभर डोक्यातून जाईना.

म्हणून रविवारी दुपारी आई दिघ्यांकडे गेलेली असताना मी दुकानातून कॉर्नफ्लोअर आणि धुण्याचा सोडा आणला, घरातली मेणबत्ती घेतली आणि कॅरमच्या डब्यातली पावडर काढली. दुसऱ्या शोधात लिहिलं होतं तशी खळ शिजवली. पहिल्या शोधात होती तेवढी पावडर मोजून घातली. छान पांढरं, गुळगुळीत मिश्रण झालं. ते खणाच्या दोन्ही कडांना लावलं आणि खण दहा वेळा उघडला, दहा वेळा लावला. वहीत नोंद केली: "सुरळीत सरकतो. आक्षेप योग्य." भांडी घासून जागेवर ठेवली आणि फार समाधानाने झोपले.

मिश्रण तेव्हा ओलं होतं, हे वहीत लिहायचं राहिलं.

सोमवारी कार्यालयाकडे जाताना बसमध्ये मला ते सगळं आठवलं, एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव उशिरा आठवावं तसं. बोरिक आणि सोडा एकत्र आले की टाकणखार होतो. टाकणखार आणि स्टार्च एकत्र शिजवले की गोंद होतो. साधासुधा नाही, पुठ्ठ्याची खोकी ज्याने चिकटवतात तो. आम्हाला हे एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतं. परीक्षेत आलं होतं. मला सातपैकी साडेसहा मिळाले होते.

मी अहवालात वंगण म्हणून गोंद सुचवला होता.

बसमधून उतरेपर्यंत मी स्वतःची समजूत घातली. आईचा खण फाइलमध्ये नाही. मला कुणी काही विचारलेलं नाही. सुनावणी पागनीस साहेब घेणार, निर्णय तेच देणार, आणि मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात बसून टिपणं काढणार.

अकराला पाच कमी असताना सातपुते दांपत्य साहेबांच्या खोलीत आलं. अण्णाप्पा पंचावन्नच्या आसपासचे, उंच, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. खुर्चीवर टेकण्याआधी त्यांनी खुर्चीचा एक पाय हलतोय हे ओळखलं आणि खिशातली कागदाची घडी त्याखाली सारली. आक्काताई ठेंगण्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली. रात्रभराच्या एसटी प्रवासाच्या सुरकुत्या साडीवर होत्या, चेहऱ्यावर नव्हत्या.

पागनीस साहेब शाईच्या पेनाने लिहीत. पेनाचं टोपण आटे फिरवून काढायचं, ते उलट बाजूला बसवायचं, मग कागद सरळ करायचा, आणि मग लिहायचं. त्यांचं सगळंच असं होतं. आवाज कधी चढायचा नाही आणि वाक्य कधी अर्धं राहायचं नाही.

"सातपुते, वकील नाही आणलात?"

"मास्तर येनार हुतं साहेब, पन त्येंच्या कालिजात परीक्षा लागली. म्हनलं, आपलंच काम हाय, आपनच जाऊ."

"बरं. या पेटंटची तुम्हाला घाई का आहे, ते अर्जात लिहिलंय. तरी तोंडी सांगा."

अण्णाप्पांनी टोपी सारखी केली. "साहेब, मागाचं सुटं भाग इकनारा एक व्यापारी हाय. वडी बगायला म्हनून घिऊन गेला, आनि आता म्हनतोय, दिवाळीनंतर ह्येच माज्या नावानं काढतो. मी म्हनलं, आवं वडी आमची हाय. तर म्हनला, कागद दाखवा." ते थांबले. "मी जॉबरकी सोडलीया, साहेब. तीस वर्सं केली, ती सोडलीया. आता आमी दोघं आनि गल्लीतल्या सात बायका, एवढंच करतोय. कागद न्हाई मिळाला, तर आमचीच वडी आमाला त्येच्या दुकानात बगावी लागंल."

साहेबांनी मान हलवली. "परीक्षकांचं म्हणणं असं आहे, की दोन जुने शोध एकत्र केले की तुमची वडी होते. म्हणजे तुमच्या धंद्यातल्या जाणकार माणसाला हे सहज सुचलं असतं. तुम्ही स्वतः तीस वर्षं या कामात आहात. तुम्हीच सांगा. अवघड होतं की सोपं?"

सोपा प्रश्न होता. उत्तर एका शब्दाचं होतं. पण अण्णाप्पा संकोचले. त्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, आपल्या मुलाचं कुणी कौतुक केलं की बापाच्या चेहऱ्यावर येतं, तसं कसनुसं हसू आलं.

"छे वो साहेब! त्यात काय अवघड? साधं काम हाय. कुनालाबी जमंल."

"कुणालाही?" साहेबांनी विचारलं.

"कुनालाबी! आमी काय मोटी शिकल्याली मानसं हाय व्हय? पीठ, मेन आनि पावडर. काय इशेष न्हाई."

आक्काताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की मी त्यांच्या जागी असते तर गप्प बसले असते. ते मात्र मोठ्या माणसासमोर नम्रपणे बोलल्याच्या समाधानात होते.

"अर्जदार स्वतःच म्हणतात की हे काम साधं आहे आणि कुणालाही जमेल," पागनीस साहेब शांतपणे म्हणाले. "हे मला नोंदवून घ्यावं लागेल." त्यांनी पेन उचललं आणि टोपणाचे आटे फिरवायला सुरुवात केली.

मी ते टोपण पाहत होते. एक आटा. दुसरा आटा. अहवाल माझाच होता. हे वाक्य कागदावर उतरलं की तो बरोबर ठरणार होता, आणि मला काहीच करावं लागणार नव्हतं.

टोपण निघालं. ते पेनाच्या मागच्या बाजूला बसलं. साहेबांनी कागद सरळ केला.

"साहेब, थांबा," मी म्हणाले.

दोन वर्षांत सुनावणीत न विचारता मी पहिल्यांदाच बोलले होते. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"टिपणीस? तुमच्याच बाजूने चाललंय."

"हो साहेब. पण मी... करून पाहिलं."

"काय करून पाहिलं?"

"अहवालात लिहिलंय ते. दोन्ही शोध एकत्र केले. काल. घरी."

"प्रयोगशाळेत?"

"स्वयंपाकघरात. आणि आईच्या शिवणयंत्राच्या खणाला लावलं."

"मग?"

"खण उघडत नाही."

साहेबांनी पेन हळूच खाली ठेवलं. आक्काताई मात्र खुर्चीतून पुढे सरकल्या. त्यांच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

"काय काय घातलंसा बाई?"

"कॉर्नफ्लोअर, मेण, सोडा, बोरिक."

"पान्यात शिजवलंसा?"

"हो. खळीसारखं."

"आनि मग वरनं पावडर?"

"हो."

आक्काताईंनी तोंडाला पदर लावला, पण हसू पदरातून बाहेर आलंच. "अवो, ऐकलंसा का? बाईंनी तुमच्यावानीच केलंया!" मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "साहेब, ह्यांनीबी पैल्यांदा त्येच केलं हुतं. अगदी त्येच! सांजच्याला लावलं तवा धोटा असा पळाला म्हनता, ह्येनी घरी यिऊन मला पेढा दिला. सकाळी जाऊन बगत्यात तर बारा माग चिकटल्यालं!"

"अकरा," अण्णाप्पा पुटपुटले.

"बारा हुतं."

"बारावा आदीच बंद हुता. त्यो माज्या नावावर घालू नगो."

"मालकानं ह्यास्नी दोन दिवस पेट्या खरवडाय बसवलं, साहेब. आनि हे हितं म्हनत्यात, कुनालाबी जमंल! सोपं हुतं तर तीन वर्सं काय करत हुतासा? घरातल्या वाट्या जाळत हुतासा?"

पागनीस साहेबांच्या ओठाचा एक कोपरा जरासा हलला. "बाई, एक मिनिट. म्हणजे सातपुत्यांनी आधी परीक्षकांनी सुचवलं तसंच केलं, आणि त्याचा गोंद झाला?"

"व्हय जी."

"टिपणीस, रसायनशास्त्र काय म्हणतं?"

"गोंद व्हायलाच हवा, साहेब. स्टार्च आणि टाकणखार. पुठ्ठ्याच्या खोक्यांना वापरतात. मला हे माहीत होतं. कागदावर दोन्ही शोध शेजारी ठेवले तेव्हा आठवलं नाही. समोर तयार वडी होती, म्हणून बेरीज बरोबर आल्यासारखी वाटली."

साहेब अण्णाप्पांना म्हणाले, "तीन वर्षं काय केलंत?"

आता अण्णाप्पांची जीभ सैल झाली. बडाई सांगायची नव्हती, चुका सांगायच्या होत्या. चुका सांगायला त्यांना संकोच नव्हता. त्यांनी पावडर कमी केली, मेण वाढवलं, सोडा काढला, खळ आधी उन्हात वाळवून कुटून घेतली, मक्याऐवजी गहू घेतला, गव्हाऐवजी साबुदाणा. प्रत्येक वेळी तेच. दमट हवेत वडी पाणी ओढायची आणि धोटा पेटीत रुतून बसायचा. मागावर काम करणाऱ्या कुणालाही खळीचा राग असतो, ते म्हणाले. आयुष्यभर ती ब्रशने झाडत बसायची. असली चिकट वस्तू मुद्दाम पेटीला लावायची म्हणजे शहाणपणाचं लक्षण नाही, असं सगळे जॉबर त्यांना तोंडावर म्हणत.

"मग जमलं कसं?"

अण्णाप्पांनी बायकोकडे पाहिलं. "ते हिला इचारा."

अर्जावर आक्काताईंचं नाव मी पाहिलं होतं. बायकोचं नाव मानाने घातलं असेल, असं धरून मी पुढच्या पानावर गेले होते.

"साहेब, तुमच्याकडं दिवाळीला करंज्या करत्यात न्हवं?" आक्काताईंनी विचारलं.

"करतात."

"पिठाला मोहन घालत्यात. कडकडीत त्याल कोरड्या पिठात चोळायचं, आदी. मग पानी. आदी पानी घातलं तर पीठ चिवाट हुतंय, करंजी चामड्यावानी. आदी मोहन चोळलं तर कना कना सुटा ऱ्हातोय, पानी त्येला धरत न्हाई. तवा मी ह्यास्नी म्हनलं, तुमची खळ चिकटती कशानं? पान्यानं. मग शिजवताय कशापायी? पीठ कोरडंच घ्या. त्येला गरम मेनाचं मोहन द्या. चांगलं चोळा. गार झालं की मग तुमची पावडर. आदी न्हाई, मग."

मी लिहायचं थांबले होते. पिठाच्या प्रत्येक कणावर मेणाचा पातळ थर. पाणी आत जात नाही, बोरिक स्टार्चला भेटतच नाही, आणि गोंद होऊच शकत नाही. वस्तू त्याच तीन. क्रम वेगळा. माझ्या दोन्ही कागदांत हा क्रम कुठेच नव्हता.

"हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी लगेच केलं?" साहेबांनी विचारलं.

आक्काताईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"न्हाई," अण्णाप्पा म्हणाले. "मी म्हनलं, सैपाकघरातलं मागावर चालत न्हाई."

"किती दिवस म्हणत होतात?"

"चार म्हैनं."

"पाच," आक्काताई म्हणाल्या.

पागनीस साहेबांनी पेन पुन्हा उचललं. या वेळी टोपण आधीच निघालेलं होतं. "तीस वर्षांचा अनुभव असलेल्या जाणकार माणसाला ही गोष्ट सुचली नाही," ते लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "आणि दुसऱ्याने सुचवल्यावरही त्याने ती पाच महिने नाकारली." मग वर पाहिलं. "सातपुते, हे सुरुवातीलाच का नाही सांगितलंत?"

"साहेब, आपल्याच कामाची बडाई आपल्याच तोंडानं कशी मारायची? बरं दिसत न्हाई."

"इथे तीच मारायची असते."

आक्काताईंनी तेवढ्यात पिशवीतून कागदात गुंडाळलेली वडी काढली होती. साहेब बोलताना टेबलाचा डावा खण ओढून पाहत होते, तो अर्ध्यावर अडत होता, आणि हे आक्काताईंच्या केव्हाचं लक्षात आलं होतं. "उठा वाईच," त्या साहेबांना म्हणाल्या. दोन वर्षांत साहेबांना कुणी उठा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ते उठले. आक्काताईंनी खणाच्या कडेला वडी चार वेळा घासली, खण आत-बाहेर केला आणि बाजूला झाल्या.

"आता बगा."

साहेबांनी परत बसून नेहमीच्या जोराने खण ओढला. खण सरळ बाहेर येऊन त्यांच्या पोटावर आदळला आणि आतला तिळाच्या वड्यांचा डबा जमिनीवर पडून उघडला. साहेबांना डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, हे सगळ्या कार्यालयाला माहीत होतं.

"उपयुक्ततेबद्दल शंका नव्हतीच," साहेब वड्या गोळा करत म्हणाले. "प्रश्न कल्पकतेचा होता." मग एक वडी त्यांनी आक्काताईंना दिली, एक अण्णाप्पांना, आणि थोडा विचार करून एक मला.

सुनावणी तिथे संपली. दोन्ही पद्धतींनी केलेल्या चाचण्यांचे आकडे शपथपत्रावर महिन्याच्या आत पाठवा, अर्जातल्या दाव्यात आधी मेण आणि मग पावडर हा क्रम स्पष्ट लिहा, असं साहेबांनी सांगितलं. माझा आक्षेप मी लेखी मागे घ्यायचा होता. खोलीतून निघताना ते मला म्हणाले, "तुमच्या आईच्या खणाची नोंद मला घेता येणार नाही. आणि टिपणीस, यापुढे आईच्या सामानावर प्रयोग नको. माझ्या टेबलाला तीन खण आहेत."

बाहेर जिन्यापाशी मी आक्काताईंना गाठलं.

"एक विचारायचं होतं. आमचा खण कसा उघडायचा?"

"वडत बसू नगासा," अण्णाप्पा आधीच म्हणाले. "मी बारा पेट्या वडून मोडल्या."

"अकरा," मी म्हणाले.

ते दोघंही इतक्या जोराने हसले, की खालच्या मजल्यावरचा शिपाई वर पाहू लागला. मग आक्काताईंनी नीट सांगितलं. गरम पाण्यात फडकं भिजवून पिळायचं. खणाच्या कडेला दाबून धरायचं, गार झालं की परत गरम. चार-पाच वेळा. खळ आपणहून सोडते. "आनि तुमच्या आईस्नी म्हनावं, रागावू नगासा. लेकीनं करून बगितलं. कागद वाचून सांगनारं लई असत्यात."

आठ महिन्यांनी त्यांना पेटंट मिळालं. दिवाळीनंतर ती वडी त्या व्यापाऱ्याच्या दुकानात लागली खरी, पण वेष्टणावर 'सातपुते' छापलेलं होतं, आणि व्यापारी ती त्यांच्याकडूनच घेत होता. मला टपालाने एक डझन वड्या आल्या. अशी भेट ठेवून घेता येत नाही, म्हणून त्या मी परत पाठवल्या. सोबत एक कागद जोडला आणि बराच विचार करून शेवटी लिहिलं: "लोभ असावा."

पण त्या सोमवारचं सांगायचं राहिलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई यंत्रापाशीच होती. दिवसभरात तिने सुरी, पेचकस आणि शेजारच्या दिघेकाकांना वापरून पाहिलं होतं. खण तसाच होता. दिघेकाकांच्या अंगठ्याला पट्टी होती, असं कळलं.

मी हातपाय धुतले, पातेल्यात पाणी गरम केलं, जुनं फडकं भिजवून पिळलं आणि खणाच्या कडेला दाबून धरलं. आई हाताची घडी घालून उभी राहिली. पहिलं फडकं गार झालं, दुसरं घेतलं. तिसऱ्याला कडेची काच पांढुरकी झाली. चौथ्याला मऊ पडली. पाचवं फडकं मी काढलं आणि एका बोटाने खण ओढला.

तो आला. आत बॉबिन केस होती, चष्मा होता, हुकांची पुडी होती.

आईने वाकून आत पाहिलं, मग फडक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढंच? गरम फडकं?" ती म्हणाली. "हे काय, खळ म्हटल्यावर गरम पाणीच! यात काय अवघड आहे? हे तर कुणालाही सुचेल."

मी पातेलं उचललं आणि मोरीत पाणी ओतायला गेले. हसू आवरत नव्हतं, आणि ते का, हे सांगायला बराच वेळ लागला असता. मागून यंत्राचा आवाज सुरू झाला होता.

शर्वरी दिघेचा ब्लाउज वेळेवर झाला. आज तिची मुलगी शाळेत जाते. आणि अजूनही घरात काही चिकटलं, बाटलीचं झाकण असो की खिडकीची कडी, की आई गरम फडकं मागवते आणि आलेल्या-गेलेल्याला सांगते, की ही युक्ती तिला आधीपासूनच माहीत होती.